मदत हवी आहे: आरआयएमसीच्या व्हायवाची तयारी कशी करून घ्यावी?

सातवीची_आई:
मुलगी सातवीत, मराठी माध्यम. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची (आरआयएमसी, आठवीपासूनची लष्करी निवासी शाळा) डिसेंबरची लेखी परीक्षा झाली, पेपर बरे गेलेत. आता व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, टेन्शन. ५० गुणांसाठी किती जीव काढायचा? इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. क्लासवाले म्हणतात प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. घ्यावीत का?

खडूफळा:
गणित २००, इंग्रजी १२५, सामान्य ज्ञान ७५, व्हायवा ५०. प्रत्येकात वेगवेगळे ५० टक्के लागतात, व्हायवातही. लेखीत कितीही वर असली तरी इथे २५ च्या खाली गेली की संपलं. शिवाय दर सत्रात सगळ्या देशातून मोजकीच मुलं घेतात, त्यामुळे चारपाच गुणांनी नंबर हुकतो.

पाठांतर अजिबात नको. 'इथे का यायचंय?' याला बहुतेक मुलं 'देशसेवा करायची आहे' म्हणतात. पुढचा प्रश्न ठरलेला: 'डॉक्टर होऊनही देशसेवा होते, मग इथेच का?' पाठ केलेलं पोर इथे गप्प होतं किंवा तेच वाक्य पुन्हा म्हणतं. एक खरं, छोटं कारण तिचं तिला शोधू द्या. मुलींना इथे २०२२ पासून प्रवेश मिळतो, हे तिला माहीत असू द्या. कॉलेजही १९२२ सालचं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी.

छंदाचं तसंच. जे सांगाल त्याच्या तळापर्यंत जातात. 'क्रिकेट' म्हटलं की खेळपट्टी किती लांब (२२ यार्ड), पायचीत कधी देत नाहीत, यॉर्कर म्हणजे काय. 'वाचन' म्हटलं की शेवटचं पुस्तक कोणतं, लेखक कोण, न आवडलेलं पात्र कोणतं. तिने एकच छंद सांगावा, पण त्यावर सलग दहा प्रश्न झेलता आले पाहिजेत. रोज संध्याकाळी घरात कुणीतरी हे दहा प्रश्न विचारा, दर वेळी वेगळे.

पाटी_पेन्सिल:
इंग्रजीबद्दल. व्याकरणाच्या मागे आता लागू नका, वेळ नाही. लहान वाक्यं बोलायची सवय लावा: पाच ते सात शब्द, मग पूर्णविराम. मुलं अडतात ती लांब वाक्याच्या मधोमध, 'विच', 'दॅट' आलं की. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू प्लीज रिपीट, सर?' आणि उत्तर येत नसेल तर 'सॉरी सर, आय डोन्ट नो.' ही दोन वाक्यं तोंडात बसलेली हवीत. ठोकून दिलेलं उत्तर जास्त महागात पडतं, कारण लगेच त्याच्यावरच खोदतात.

तोंडी गणितही होऊ शकतं. २४० चे १५ टक्के? २४ अधिक १२, ३६. पायऱ्या मोठ्याने बोलत करायला शिकवा. शांत बसून विचार केला तर समोरच्याला वाटतं अडकली.

सरावाला आईवडील चालत नाहीत. तिला फारशी न ओळखणारी दोन मोठी माणसं बसवा, पंधरा मिनिटं, मोबाईलवर रेकॉर्डिंग. नंतर ती स्वतः बघेल तेव्हा नजर खाली जाते, बोटं मोडते, हे तुम्ही सांगायची गरजच उरणार नाही. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज केलं तर पोपटपंची सुरू होते.

सातवीची_आई:
धन्यवाद दोघांनाही! चालू घडामोडी किती?

पाटी_पेन्सिल:
गेल्या दोन महिन्यांच्या दहाबारा मोठ्या बातम्या. मात्र प्रत्येकीत 'का?' चं उत्तर हवं. राज्यपाल, मुख्यमंत्री, तिन्ही सेनाप्रमुख, आपल्या जिल्ह्याची नदी-धरणं पक्की. आपल्याच जिल्ह्याबद्दल काही न सांगता येणं फार वाईट दिसतं.

खडूफळा:
अजून एक, हे बरेच जण विसरतात. घर सोडून राहण्याबद्दल विचारतात. स्वतःचे कपडे धुणं, अंथरूण आवरणं, फोनशिवाय आठवडा काढणं यातलं खरंच काय करते ते तिला माहीत हवं. 'तुला कोणी पाठवलं?' या प्रश्नावर मूल दाराकडे बघायला लागलं तर अवघड आहे.

जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि अर्ज या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आजच ताडून बघा. व्हायवानंतर मेडिकल लष्करी रुग्णालयात होते, तेव्हा डोळे, दात आणि कानातला मळ आत्ताच दाखवून घ्या.