'लोडिंग डोस'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: एक्मोवर (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळून परत देणाऱ्या यंत्रावर) ठेवलेल्या बाळांच्या आईवडिलांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. आधीच्या मसुद्यात 'लोडिंग डोस'ला, म्हणजे औषधाच्या सुरुवातीच्या मोठ्या डोसाला, 'भारित मात्रा' म्हटलंय. वाचून मला विजेची तार आठवली! 'मात्रा' ठेवू की 'डोस'?

प्रतिसाद: डोस. मराठीत मात्रा म्हणजे नुसतं प्रमाण नाही, औषधच. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यातही औषधच आहे. शिवाय जुन्या माणसांना मात्रा म्हटलं की हेमगर्भ हे आयुर्वेदिक औषध आठवतं, आणि ते शेवटच्या घटकेला चाटवायचे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या आजीच्या हातात हा शब्द देऊ नका.

प्रतिसाद: मी अशाच विभागात नर्स आहे. शब्दाआधी काय घडतं ते सांगते. तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम २५० मिली, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीच्या निम्मं. यंत्राच्या नळ्यांत जवळपास तेवढंच, कधी जास्तही. औषध या सगळ्यात पसरतं, म्हणून पहिला डोस मोठा लागू शकतो. त्यात फेंटानिल (वेदनेचं), मिडाझोलाम (झोपेचं) ही चरबीत विरघळणारी औषधं नळ्यांना आणि ऑक्सिजनेटरला (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाला) धरून बसतात. मॉर्फिन त्या मानाने फार कमी.

मसुद्यात याला 'अधिशोषण' लिहिलं असेल तर खोडा. मी सांगते, फोडणीचं तेल प्लास्टिकच्या डब्याला कसं चिकटून राहतं, तसं. लगेच कळतं. फक्त एक भर घालावी लागते: चिकटलेलं औषध नंतर थोडंथोडं सुटून परतही येऊ शकतं, त्यामुळे डोस वाढवला की वाढवलेलाच राहत नाही.

प्रतिसाद: आपल्याकडे बाळाच्या डोसाला अस्सल शब्द होता की, वेढे! बाळगुटी उगाळताना सहाणेवर मायफळाचे दोन, वेखंडाचा एक, बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे.

प्रतिसाद (नर्स): शब्द गोड आहे, पण इथे नको. वेढ्याचा हिशोब वयावर. आमचा मिलिग्रॅम दर किलोवर, आणि तोही यंत्र लागलं की बदलतो. हेपॅरिनला 'रक्त पातळ करणारं' लिहिलंय का? तेही बदला. यंत्रामुळे पातळ होतं ते औषध. हेपॅरिन रक्त गोठू देत नाही, पातळ करत नाही. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "पाणी घालता का त्यात?"

विचारणा करणारी: मग असं लिहितेय: "सुरुवातीचा डोस मोठा असू शकतो, कारण औषध बाळाच्या रक्ताबरोबर यंत्राच्या नळ्यांतही पसरतं आणि काही औषधं नळ्यांना चिकटतात. पुढचे डोस डॉक्टर तपासण्या पाहून कमी-जास्त करतात." 'भारित' काढलं. 'लोडिंग डोस' एकदाच ठेवलाय, कारण डॉक्टर समोर तेच म्हणणार.

प्रतिसाद (नर्स): 'तपासण्या'च्या जागी 'तपासण्या आणि बाळाची हालचाल' करा. झोपेच्या औषधाचं आम्ही आधी तेच बघतो.