घरसामानाचं नुकसान: ‘सही केलीत ना, मग विषय संपला’ हे मान्य करायचं का?

मधुमालती

बिऱ्हाड एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवलं. कपाटाचा दरवाजा बिजागरीसकट उपटून आला आणि पुढून उघडणारं वॉशिंग मशिन पहिल्याच स्पिनला जागा सोडून थडथडत पुढे सरकायला लागलं. मूव्हर्स म्हणतात, डिलिव्हरीच्या कागदावर ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ यावर सही झालेली आहे. ‘इन्शुरन्स’ म्हणून वेगळे पैसे घेतले होते, त्याचं विचारलं तर म्हणे मशिनला बाहेरून पोचा नाही, क्लेम बसत नाही.

माझं म्हणणं असं की ही सही मुळात घेतलीच जाऊ नये. ती कधी घेतात ते आठवा. खोकी बंद, हमालांना पुढचं काम गाठायचंय, ट्रकने रस्ता अडवलाय म्हणून वॉचमन ओरडतोय, आणि उरलेलं भाडं हातात पडल्याशिवाय शेवटचे नग खाली उतरत नाहीत. बबल रॅपच्या आत काय झालंय हे त्या वेळी मूव्हरलाही माहीत नसतं आणि घरमालकालाही नसतं. बंद खोक्याबद्दल एकच गोष्ट खरेपणाने लिहून देता येते, ती म्हणजे किती नग मिळाले. त्यापुढचं ‘सुस्थितीत’ हे विधान धादांत खोटं असतं आणि दोन्ही बाजूंना ते माहीत असतं.

कायदासुद्धा ग्राहकाच्या बाजूने आहे. आपल्याकडे 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट 1 मार्च 2011 पासून लागू झाला आणि 1865 चा जुना कॅरिअर्स ॲक्ट गेला. दोन्हींत एक गोष्ट कायम आहे: माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा दावेदाराने सिद्ध करायची गरज नाही. माल ज्याच्या ताब्यात होता त्याने काय ते सांगायचं. मग सगळा पुरावा आमच्याकडे का मागतात?

ताडपत्री

मी याच धंद्यात आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. कायदा अर्धाच सांगितलात. त्याच कायद्यात वाहतूकदाराच्या जबाबदारीला मर्यादा आहे, आणि 2011 च्या नियमांनी ती भाड्याच्या दहापट ठरवली आहे. त्यातही बुकिंगच्या वेळी मालाची जी किंमत लिहून दिली, तिच्यावर जाता येत नाही. यापेक्षा जास्त जबाबदारी हवी असेल तर आधी जास्त दर मान्य करून भरावा लागतो. तो भरायला किती जण तयार असतात? फोनवर पहिला प्रश्न ‘कमीत कमी किती?’ हाच असतो.

सामानाची किंमत विचारली की उत्तर येतं, ‘जुनंच आहे हो सगळं, लाखभर लिहा.’ तोच जुना सोफा फाटला की त्याची किंमत शोरूममधली होते. खोकी स्वतः भरायची, वर पुस्तकं आणि खाली काचेची भांडी, चिकटपट्टी मारून तयार ठेवायची, आणि फुटली की आमच्या नावाने बोंब. पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा खोललं की स्क्रूची भोकं ढिली होतात, भुसा गळतो, परत तितकं घट्ट बसतच नाही. हे आम्ही तोंडावर सांगतो. तरी ते खोलावंच लागतं, कारण लिफ्टमध्ये जात नाही.

तुमच्या मशिनबद्दल सांगतो. पुढून उघडणाऱ्या मशिनचा ड्रम आत स्प्रिंगवर लटकलेला असतो. हलवताना मागच्या बाजूने लांब बोल्ट लावून तो जखडायचा असतो. हे बोल्ट मशिन नवं येतं तेव्हा सोबत येतात आणि बसवणारा माणूस ते काढून घरमालकाच्या हातात देतो. आम्ही मागितले की दहातल्या नऊ घरांत सापडत नाहीत. मग ड्रम आत आपटत जाणार नाही तर काय?

आणि उरलेलं भाडं आधी का घेतो? सामान उतरल्यावर एका जुन्या ओरखड्याकडे बोट दाखवून निम्मे पैसे कापणारे लोक आम्ही बघितलेत. ते पैसे शेवटी माझ्या पोरांच्या रोजातून जातात.

बदलीवाली

नवऱ्याची बदलीची नोकरी, त्यामुळे या विषयात माझा बराच जन्म गेलाय. ताडपत्री, ओरखड्याचं तुमचं दुखणं खरं आहे, पण त्यावर तुमच्या धंद्यात काढलेला उपाय सांगा ना सगळ्यांना. सामानाची यादी करताना ‘स्थिती’ नावाचा रकाना असतो. त्यात तुमची माणसं टीव्हीपासून पाटापर्यंत प्रत्येक वस्तूसमोर ‘स्क्रॅच्ड’ लिहून मोकळी होतात. नवंकोरं डायनिंग टेबल, वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही, त्यासमोरसुद्धा ‘स्क्रॅच्ड’! मी तिथेच पेन घेऊन खोडते, कोणता ओरखडा, कुठे आणि बोटभर की वीतभर, ते लिहायला लावते. चिडतात, पण लिहितात. सही घेण्यापेक्षाही ही यादी जास्त घातक आहे, कारण ती सामान निघायच्या आधीच तुमचा दावा मारून टाकते.

बोल्टचं मात्र पटतं. ते पिशवीत घालून मशिनच्याच मागे चिकटवून ठेवावेत.

मधुमालती

बोल्ट नव्हते हे मूव्हरच्या माणसाला मशिन उचलताना दिसत होतं. अनुभवी माणूस तो आहे, मी नाही. त्याने तेव्हाच ‘बोल्टशिवाय नेलं तर ड्रम जाईल, जबाबदारी तुमची’ असं लिहून माझी सही मागितली असती तर ती सही मी मान्य केली असती. धोका माहीत असून गप्प बसायचं आणि मोडल्यावर बोल्टची आठवण काढायची, हे चालणार नाही.

पैलतीर

नुकसानीची पाहणी करण्यात नोकरीची वर्षं गेली, म्हणून विम्याच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो. मधुमालती यांना कदाचित आवडणार नाही.

मशिनच्या बाबतीत विमा कंपनीचं उत्तर चूक नाही. वापरलेल्या घरसामानाच्या पॉलिसीत बहुधा एक कलम असतं: बाहेरून अपघाताची खूण नसेल तर आतल्या यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडाची भरपाई नाही. फ्रिज, मशिन, टीव्ही यांवरचे निम्मे वाद इथेच होतात. हे कलम दुष्टपणाने घातलेलं नाही. दहा वर्षं चाललेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर प्रवासात गेला की आधीच जायला आला होता, हे कोणीच सांगू शकत नाही. भरपाई द्यायचीच म्हटलं तर प्रत्येक म्हातारं यंत्र घर बदलतानाच मरेल.

आता तुमचं कपाट. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पाहणीला गेलो की मी आधी तुटलेली कड बघायचो. पार्टिकल बोर्डची ताजी तूट फिकट पिवळसर असते, कण बोटाला लागतात. जुन्या तडीत धूळ आणि तेलकटपणा मुरलेला असतो, ती काळपट दिसते. बिजागरीचे स्क्रू सरळ बाहेर आले असतील तर लाकूड आधीच सैल होतं. वाकून, बोर्डाचा तुकडा सोबत घेऊन आले असतील तर दरवाजावर कोणीतरी जोर दिलाय. लोक काय करतात, सर्व्हेअर यायच्या आधी सुताराला बोलावून दुरुस्त करून टाकतात आणि खोकी भंगारात देतात. मग आम्ही बघायचं काय? खोकं कुठल्या कोपऱ्यावर दबलंय, यावरून आत काय झालं ते कळतं.

आणखी एक. रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या विम्यात ए, बी, सी असे प्रकार असतात. ‘ए’मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळे धोके येतात. ‘बी’मध्ये आग, वीज पडणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं असे मोजके धोके. ‘सी’मध्ये फक्त आग आणि वीज. स्वस्तातली पॉलिसी ‘बी’ची असेल तर हमालाच्या हातून कपाट निसटलं याची भरपाई मिळणारच नाही, मग ते कपाट कितीही नवं असो. आणि अपुरं पॅकिंग हे ‘ए’मध्येही वगळलेलं असतं.

मधुमालती

पैलतीर, कागद हातात नसताना ए की बी हे मी ओळखायचं कसं? मला पॉलिसी मिळालेलीच नाही. मूव्हरच्या बिलात एक ओळ आहे, ‘इन्शुरन्स’, आणि पुढे सामानाच्या किमतीवर टक्केवारी लावून काढलेला आकडा.

पैलतीर

मग तुमचा विमा झालाय की नाही, इथूनच सुरुवात करा. विमा फक्त नोंदणीकृत विमा कंपनी देऊ शकते. तुमच्या पैशांचा खरा प्रीमियम भरला असेल तर कंपनीचं नाव, पॉलिसी किंवा सर्टिफिकेटचा नंबर, त्यावर तुमचं नाव आणि प्रवासाचा तपशील असतो. तो नसेल तर बहुतेक वेळा ती रक्कम ‘एफओव्ही’ असते, म्हणजे मालाच्या किमतीवर घेतलेलं जोखमीचं भाडं. तो विमा नाही, पण फुकटही नाही. त्या पैशांच्या बदल्यात जोखीम मूव्हरनेच घेतली असा अर्थ निघतो. बिलावर ‘इन्शुरन्स’ छापून एफओव्ही घेणं आणि मोडल्यावर ‘विमा कंपनी नाही म्हणते’ असं सांगणं, याला मी सरळ फसवणूक म्हणेन. तुमच्या बाबतीत ‘नाही’ कोणी म्हटलं, कंपनीने की मूव्हरने? लेखी मागा.

ताडपत्री

इथे मी पैलतीर यांच्याशी भांडणार नाही. असं करणारे आहेत आणि त्यांच्यामुळे आमचीही इज्जत जाते. पण सरसकट सगळ्यांना त्या पंगतीत बसवू नका.

तळटीप

ग्राहक आयोगात उभी राहते, म्हणून कायद्याच्या बाजूने काही दुरुस्त्या.

‘ओनर्स रिस्क’ असं बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालाच्या पावतीवर, छापलं की वाहतूकदार सुटला, हा गैरसमज आहे. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या 2000 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकाच्या जोखमीवर माल दिला तरी वाहतूकदाराची निष्काळजीपणाची जबाबदारी जात नाही. त्याच वर्षी पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात, निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही हा नियम ग्राहक मंचातही लागू होतो असं ठरलं. हे निकाल जुन्या कायद्याखालचे असले तरी तो नियम नव्या कायद्यातही आहे.

पण मधुमालती, सहीला काहीच किंमत नाही असंही समजू नका. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल, 1996: कागदावर सही करून भरपाईची मर्यादा मान्य केली होती, न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा सही कशावर आहे ते बघावं लागतं. मर्यादेच्या अटीवरची सही आणि न उघडलेल्या खोक्याच्या ‘सुस्थिती’वरची सही, यांत माझ्या मते फार अंतर आहे. दुसरी फक्त एक पुरावा आहे, आणि त्याच दिवशीचे फोटो आणि मेसेज तिला खोडू शकतात.

‘ट्रक आमचा नव्हता, भाड्याने लावला होता’ हे उत्तरही ऐकून घेऊ नका. कायद्यातल्या व्याख्येत बुकिंग करणारे, कंत्राटदार, एजंट, दलाल सगळे येतात.

सगळ्यात जास्त दावे जिथे मरतात ते म्हणजे नोटीस. बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस गेली नसेल तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही. डिलिव्हरीपासून नव्हे, बुकिंगपासून. लोक ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत धरून बसतात आणि फोनवर ‘करतो मॅडम, बघतो मॅडम’ ऐकत ही तारीख घालवतात. आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

विमा असला तरी ही नोटीस हवीच. कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा मूव्हरकडून वसूल करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. नोटीस न देऊन तुम्ही तो हक्क घालवलात तर कंपनी क्लेम कापते किंवा नाकारते.

बदलीवाली

आणि किंमत कमी लिहायचा मोह आवरा. 8 लाखांचं सामान 4 लाख म्हणून लिहिलं आणि 60 हजारांचं नुकसान झालं, तर विमा कंपनी निम्मंच धरते, 30 हजार. एकूण नुकसान 4 लाखांच्या आत आहे, मग पूर्ण द्या, असं भांडून उपयोग होत नाही. वर मूव्हरची मर्यादाही त्याच लिहिलेल्या किमतीवर अडते, हे ताडपत्रींनी सांगितलंच आहे.

मधुमालती

किंमत खरी लिहावी, मान्य. मशिनचा क्लेम विम्यात बसत नाही हेही पैलतीर यांनी पटवून दिलं, तो मी मूव्हरकडेच लावणार. पण सहीवरचं माझं म्हणणं सोडत नाही. ताडपत्री, तुम्ही तुमच्या छापील पावतीवर ‘सुस्थितीत’ऐवजी ‘अमुक नग मिळाले, खोकी उघडून पाहिलेली नाहीत’ असं छापाल का?

ताडपत्री

छापेन. पण मग मुदतही छापेन. खोकी 48 तासांत उघडा, जे फुटलं त्याचे फोटो पाठवा. त्यानंतर आलेली तक्रार मी घेणार नाही. महिन्याभराने पोराने फोडलेला कप माझ्या खात्यात नको. आणि घरमालकाने स्वतः भरलेलं खोकं बाहेरून शाबूत असेल, तर आत काहीही असो, ते यात धरणार नाही.

मधुमालती

स्वतः भरलेल्या खोक्याचं मान्य, बाहेरून दबलेलं नसेल तर. पण 48 तास कमी आहेत. नव्या घरात पहिले दोन दिवस गॅस, पाणी, मुलांची शाळा यांतच जातात, आणि मशिनचा ड्रम तर कपडे लावून फिरवल्याशिवाय कळतही नाही. कायदा नोटिशीला बुकिंगपासून 180 दिवस देतो, तुम्ही दोन देता. फर्निचर आणि यंत्रांना सात दिवस द्या, काचसामानाला 48 तास ठेवा. यापेक्षा कमी लिहिलेल्या पावतीवर मी सही करणार नाही.

ताडपत्री

यंत्रांना सात दिवस द्यायचे तर निघायच्या आधी ती तुमच्या घरी चालू करून दाखवावी लागतील, व्हिडिओसकट. त्याला वेळ लागतो आणि माणूस लागतो, तो मी दरात धरणार. तो दर ऐकून तुम्ही दुसऱ्याला फोन लावणार नसाल तर सांगा.