गायीच्या कॅनमध्ये म्हशीचं दूध, आणि कंपायलर गप्प!

सेमीकोलन_विसरलो
मंडळी, डोकं फिरलंय. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी जावा या भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहिलाय. 'दूध' हा क्लास (म्हणजे नोंदीचा प्रकार), 'गायदूध' आणि 'म्हैसदूध' त्याचे सबक्लास, म्हणजे उपप्रकार. सकाळच्या नोंदींचा गायदूधचा ॲरे (एकाच प्रकारच्या नोंदींच्या घरांची रांग) एका मेथडकडे, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याकडे जातो, तिचं पॅरामीटर (ती काय घेते ते) मात्र दूधचा ॲरे. फॅट ६च्या पुढे दिसलं की ती मेथड नोंद म्हैसदूधची करून त्याच घरात परत ठेवते. प्रोग्राम चालण्याआधी कोड तपासणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही. महिनाभर सुरळीत चाललं आणि आज पहाटे साडेपाचला ॲरेस्टोअरएक्सेप्शन, म्हणजे ॲरेत भलत्या प्रकारची नोंद ठेवल्याची एरर! बाहेर कॅनची रांग. बरं, हेच लिस्टने करून बघितलं तर दूधच्या लिस्टच्या जागी गायदूधची लिस्ट कंपायलर घेतच नाही. ॲरेला एक न्याय, लिस्टला दुसरा? मग एका प्रकारच्या जागी दुसरा शिरू न देणारी, टाइप-सेफ, जावा कसली?

ठिगळ
लिस्ट वापर, सुटलास.

जुना_जावावाला
सुटेल, पण पोराने कारण विचारलंय.

१९९६मध्ये जावा आली तेव्हा जेनेरिक्स, म्हणजे लिस्टमध्ये कुठल्या टाइपच्या नोंदी ते कंसात लिहायची सोय, नव्हते. कुठल्याही ऑब्जेक्टचा ॲरे घेऊन घरांची अदलाबदल करणारी एकच मेथड लिहायची, तर गायदूधचा ॲरे हा दूधचा ॲरेही मानावा लागला. त्याची किंमत अशी, की ॲरेत ऑब्जेक्ट ठेवताना प्रोग्राम चालू असतानाच तपासणी होते. आपण कशाचा ॲरे आहोत हे ॲरेला जन्मभर लक्षात असतं, म्हणून तुझी म्हैस त्याने दारातच अडवली. म्हणजे सुरक्षितता गेली नाही, कंपायलरच्या टेबलावरून पहाटे साडेपाचच्या रांगेत सरकली. (रांगेतल्या माणसाला हे समजावून सांगू नकोस.)

लिस्टचं उलटं. जेनेरिक्स २००४ साली जावा ५मध्ये आले. जुना कोड चालत राहावा म्हणून कंपाइल झाल्यावर कंसातला टाइप पुसला जातो. चालू प्रोग्राममध्ये लिस्टला गाय-म्हैस काही आठवत नाही, मग ती दारात अडवणार कोणाला? म्हणून कंपायलरलाच आधी 'नाही' म्हणावं लागतं.

तुझ्या मेथडला नोंदी फक्त वाचायच्या असतील तर पॅरामीटरमध्ये प्रश्नचिन्ह, पुढे 'एक्स्टेंड्स दूध' असं लिही. गायीची, म्हशीची, दोन्ही लिस्ट चालतील. मात्र तिच्यात 'नल'शिवाय (म्हणजे 'काहीच नाही'शिवाय) काही ठेवता येणार नाही. आणि एरर नको म्हणून कंसातला टाइप गाळून नुसतं 'लिस्ट' लिहून मोकळा होऊ नकोस. मग क्लासकास्टएक्सेप्शन (नोंद अपेक्षित प्रकारची नसल्याची एरर) भलत्याच ओळीवर येतं आणि म्हैस कुठून शिरली ते शोधत बसतोस.

ठिगळ
सी-शार्प या भाषेनेही ॲरेचा हाच कित्ता गिरवला. कॉटलिनने मात्र नाही. तिथे गायदूधचा ॲरे दूधचा ॲरे म्हणून खपत नाही.

सेमीकोलन_विसरलो
काका, प्रश्नचिन्ह लावलं. नोंद परत ठेवणाऱ्या ओळीवर लगेच लाल रेघ आली. बघितलं तर दर काढणाऱ्या मेथडने नोंदच बदलायला नको होती. ओळ काढली, आता फक्त शेरा छापतो.
राहिला एकच प्रश्न, तो इथे सुटणारा नाही: गायीच्या नोंदीत ६.४ फॅट आलं कुठून?