मॅटाडोर हलवायची कोणी? (मंडपाच्या आधी)

बंडू, उत्सव समिती
सोमवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

कालच्या मीटिंगला जे नव्हते त्यांच्यासाठी परत लिहितोय. मंडपवाला टेप घेऊन आला होता, त्याने मोजलं आणि सरळ सांगितलं की कै. दादांची जुनी मॅटाडोर व्हॅन आहे तिथेच राहिली तर स्टेज साडेतीन फूट पुढे घ्यावं लागेल, म्हणजे रस्त्याला ९ फूटसुद्धा उरत नाहीत, आणि अर्जात आपण दरवर्षी लिहून देतो की अँब्युलन्स जाईल एवढी वाट मोकळी ठेवू. मूर्तीचा टेम्पो तिच्यामुळे त्या कोपऱ्यावर वळत नाही हे गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलंय, आठ जणांनी हातावर आणावी लागली आणि पाऊस चालू होता. यंदा तसं नको.

गणपतीला २१ दिवस आहेत. मी भंगारवाल्याशी बोललोय, क्रेन तोच आणेल, २८,००० देतो म्हणतो. ते सगळे पैसे दादांच्या पत्नीच्या, म्हणजे बांच्या, हातात द्यायचे, मंडळाने एक रुपया घ्यायचा नाही. रविवारी सकाळी उचलू. कोणाची हरकत असेल तर आजच सांगा, मला त्याला होकार कळवायचाय.

नाना
सोमवार, ८:०२

बंडू, मंडपाचं माप घ्यायला मंडप समितीला न विचारता माणूस कसा आला? गेली ११ वर्षं ते काम माझ्याकडे आहे. मी घरीच होतो, एक हाक मारली असती तर टेपचं दुसरं टोक मीच धरलं असतं.

दुसरं, गाडी आपली नाही. कोणाची वस्तू आपण कोण उचलणारे? भंगारवाल्याशी बोलणी करण्याआधी बांशी बोललास का?

वहिनी, ब विंग
सोमवार, ९:४०

नाना, गाडी त्यांची पण डास आमचे. माझ्या खिडकीखाली उभी आहे ती. मागच्या टपावर जो खळगा पडलाय त्यात पाणी साचतं, स्टेपनीचा टायर आतच पडलाय त्यातही साचतं, काल मी स्वतः टॉर्च मारून पाहिलं तर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. डेंग्यूचा डास घाणेरड्या गटारात नाही होत, अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, आठदहा दिवसांत अळीचा डास होतो आणि चावतो दिवसा. आमची छोटी दोन वर्षांपूर्वी सहा दिवस ॲडमिट होती, प्लेटलेट रोज मोजायचे, ते दिवस मी विसरणार नाही. तुम्ही सगळे मंडपाचं बोलताय, मी म्हणते गणपती नसता तरी ती हलायला हवी होती.

आज त्या टायरात मी जळकं ऑइल ओतलंय, शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलं. पण हे मी दर आठवड्याला करत बसू का?

खजिनदार
सोमवार, ११:१५

बंडूचा हेतू चांगला आहे पण भंगारवाल्याला असं द्यायचं नाही, मी पोळलोय म्हणून सांगतो.

माझी जुनी व्हॅन मी सहा वर्षांपूर्वी अशीच एकाला दिली होती, १४,००० रोख, पावती नाही. आरसी बुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक) पण त्यालाच देऊन टाकलं, म्हटलं आता कशाला हवंय. त्याने ती मोडलीच नाही, नंबर तोच ठेवून पुढे कोणाला तरी विकली आणि दोन वर्षांनी एका चौकीतून मला फोन, तुमच्या गाडीत माल सापडलाय, या. चार चकरा झाल्या. दर वेळी तेच, गाडी विकली तर कागद कुठे. कागद नव्हता. हिची तर त्या दिवसांत झोप उडाली होती.

गाडी मोडणं म्हणजे पत्रा विकणं नाही, नोंदणी रद्द होणं. ती रद्द होईपर्यंत कायद्याने गाडी ज्याच्या नावावर त्याचीच. आता त्यासाठी नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटर असतात, २०२१ साली नियम आले. ते गाडी घेतात, चेसिस नंबर तपासतात, चोरीची नाही ना ते बघतात, आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतात. तो कागद हातात आला की सुटलो. भाव भंगारवाल्यापेक्षा थोडा कमी मिळाला तरी चालेल.

माझा प्रश्न एकच. आरसी कोणाच्या नावावर आहे?

चिनू
सोमवार, ११:३१

काका ते सर्टिफिकेट नवीन गाडी घेताना पण चालतं ना? मी ॲक्टिव्हा घेणार आहे डिसेंबरात

खजिनदार
सोमवार, ११:५०

चिनू, चालतं, नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते, केंद्राच्या नियमात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या गाडीला १५ पर्यंत, राज्य जेवढी देईल तेवढी. पण ते बांचं असेल, तुझं नाही. तुझ्या बाबांची स्कूटर पडून आहे ना जिन्याखाली, तिचं बघ.

पिंटू, न्यू जर्सी
सोमवार, रात्री ८:२५

इथे आत्ता सकाळ आहे, ऑफिसला निघायच्या आधी वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

त्या मॅटाडोरने आपली चार नाटकं बडोद्याच्या गांधी नगरगृह नाट्यगृहाला नेली आहेत. सेटचे फ्लॅट (रंगवलेल्या चौकटी) टपावर बांधून, आत आम्ही सगळे उभे, आणि दादा स्वतः चालवायचे, ज्युबिली बागेच्या वळणावर ब्रेक मारला की तिसऱ्या अंकातला देव्हारा माझ्या डोक्यावर. दादांनी कधी डिझेलचे पैसे घेतले नाहीत. गुजराती माणूस, मराठी नाटक कळायचं किती देव जाणे, पण पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत बघायचे आणि मग सामान भरायला पहिले उभे. ती गाडी बजाज टेम्पोची होती, आता कंपनीचं नावसुद्धा बदलून फोर्स मोटर्स झालंय, तशी गाडी परत बनायची नाही. नीट रंगवून सोसायटीच्या गेटपाशी ठेवता येणार नाही का? खर्च मी पाठवतो.

वहिनी, ब विंग
मंगळवार, सकाळी ६:५५

पिंटूभाऊ, दादांबद्दल जे लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण तुम्ही गाडी पाहिलेली नाही अलीकडे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली, २६ फुटांवर धोक्याची खूण असते, तेव्हा कारेलीबागेत आपल्या गल्लीत पाणी तीन दिवस होतं. मॅटाडोर त्या पाण्यात उभी होती. अजून दारावर चिखलाची आडवी रेघ आहे, कमरेएवढी, कोणी पुसली नाही. रेघेच्या खाली पत्रा बोटाने दाबला तर आत जातो, बिस्किटासारखा. परवा मुलं क्रिकेट खेळत होती तर बॉल लागून दाराखालचा अख्खा तुकडा पडला. रंग कशाला देणार?

गेटपाशी ठेवायचं म्हणाल तर माझ्या खिडकीखालचे डास गेटपाशी जातील एवढंच.

नाना
मंगळवार, ९:१०

मुद्दा भरकटला. मी काल रात्री माझ्या मेव्हण्याला फोन केला, वकील आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम १२७ असं की सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी हलवायचा हुकूम वर्दीतला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि उचलायचा खर्च मालकाकडून घेतात. मालकाकडून! म्हणजे आपण तक्रार केली तर बिल बांना येणार. हे बंडूने वाचलं होतं का? आणि मंडळाने किंवा भंगारवाल्याने परस्पर उचलली तर ती सरळ चोरीची तक्रार होऊ शकते.

पोलिसात जायचं असेल तर मंडळाच्या लेटरहेडवर मी सही करणार नाही. दादांच्या गाडीसाठी तर नाहीच.

बंडू, उत्सव समिती
मंगळवार, ९:२८

नाना पोलिसांचं नाव मी घेतलेलंच नाही! मी क्रेन म्हटलं. आणि चोरी कसली, पैसे बांनाच द्यायचे होते. मी रोज त्या कोपऱ्यावर उभा राहून ट्रॅफिक सांभाळतो आरतीच्या वेळी, माझ्याशिवाय कोणी उभं राहत नाही, तेव्हा माझी घाई तुम्हाला कळायला हवी.

ठीक आहे, बांशी बोललो नाही ही माझी चूक. मला त्यांच्या समोर तो विषय काढवत नाही. त्या रोज संध्याकाळी ओटल्यावर त्याच गाडीकडे तोंड करून बसतात.

माई
मंगळवार, दुपारी ४:०५

तुम्ही सगळे एकमेकांना लिहीत बसलात म्हणून मीच गेले. बांकडे दीड तास होते, चहा झाला, चोराफळी झाली, मग त्यांनीच विषय काढला. "आ गाडीनुं शुं करीए, बेन?" या गाडीचं काय करू या, म्हणे. म्हणजे त्यांनाच नको आहे ती. गेलं वर्षभर त्या कोणी विचारायची वाट बघत होत्या. मुलगा सुरतेला, तो म्हणतो दिवाळीला येईन तेव्हा बघू, दोन दिवाळ्या झाल्या.

आरसी दादांच्याच नावावर आहे. पुरात कपाट भिजलं होतं, खालच्या खणातले सगळे कागद एकमेकांना चिकटलेत. आरसी बुक मी हळूच सोडवून पंख्याखाली वाळत ठेवलंय, नंबर वाचता येतो, शिक्का नाही वाचता येत. दादांचा मृत्यूचा दाखला वरच्या खणात होता, तो कोरडा आहे.

आणि अजून एक, हे नाना आणि बंडू दोघांनी नीट वाचा. गाडीच्या मागच्या भागात मंडळाचं सामान आहे. बांनी किल्ली दिली, मी दार उघडायला लावलं वॉचमनला, लाथ मारून उघडलं. नऊ बांबू, मखराची लोखंडी फ्रेम, दोन सतरंज्या ज्या आता सतरंज्या राहिल्या नाहीत, आणि एक ट्रंक ज्यावर आपल्या मंडळाचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलंय. दादा असताना सामान ठेवायला जागा नाही म्हणून आपणच ठेवलं होतं. बा म्हणाल्या, तुमचं सामान आत आहे म्हणूनच मी कोणाला द्यायची नाही म्हटलं, दोन भंगारवाले येऊन गेले.

म्हणजे ती गाडी त्यांनी आपल्यासाठी उभी ठेवली होती, आणि आपण त्यांच्या नावाने तीन वर्षं कुरकुरतोय.

नाना
मंगळवार, ४:५०

ट्रंकेत मंडपाचे पडदे असतील. मीच ठेवले होते, २०१८ ला. माझ्या लक्षातून पूर्ण गेलं. मी आत्ता बांकडे जाऊन येतो.

खजिनदार
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

माई, तुम्ही एका चहात जे केलंत ते आम्हाला वर्षभरात जमलं नाही.

आता क्रम बघा. हलवणं वेगळं आणि मोडणं वेगळं, दोन्ही एकत्र केलं तर गणपतीपर्यंत काहीच होणार नाही.

मोडायला मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस कोण त्याचा पुरावा लागणार, मुलाचं संमतीपत्र लागणार, त्याच्या नावाची सही सुरतेहून यायला हवी. गाडी आधी वारसाच्या नावावर करायची झाली तर आरटीओचा फॉर्म ३१ असतो, पण मोडायचीच आहे तर स्क्रॅप सेंटरला आधी फोन करून विचारू की थेट वारसाच्या कागदावर घेता का. तो फोन मी करतो. भिजलेल्या आरसीची डुप्लिकेट लागेल का तेही विचारतो. जुना टॅक्स राहिलाय का हे पण बघावं लागेल, धंद्याची गाडी होती, फिटनेस संपून जमाना झाला. हे सगळं दिवाळीपर्यंत जाईल, जाऊ दे.

हलवायला मात्र बांचा होकार पुरे. कोपऱ्यावरच्या प्लॉटच्या मालकाला मी ओळखतो, दीड महिना ठेवू देईल.

बंडू, उत्सव समिती
मंगळवार, ७:१५

प्लॉटात न्यायची तर ढकलून जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी रस्ता केला तेव्हा डांबर तिच्या भोवतीने टाकलं, चाकांखाली टाकलंच नाही, त्यामुळे चारी चाकं चार बोटं खाली बसलीत आणि मागचं उजवं रिमवर आहे. टो करून ओढली तर पुढचा बंपरच हातात येईल. मी गॅरेजवाल्याला दाखवलं आत्ता, तो म्हणतो आधी जॅक लावून चारी बाजूंनी उचलायची, खाली लाकडी फळ्या घालायच्या, मग फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) विंचने, म्हणजे तार ओढायच्या यंत्राने, हळूहळू घ्यायची. २,५०० सांगितले. दोन तास.

पिंटू, न्यू जर्सी
मंगळवार, ७:४०

२,५०० मी देतो. आणि स्टीअरिंग व्हील काढून ठेवाल का कोणी? गाडी नाही तर तेवढं तरी.

खजिनदार
मंगळवार, ७:५५

पिंटू, ते बांना विचारून. आणि सेंटरला देताना गाडी पुरी लागते का हे मी उद्याच्या फोनमध्ये विचारतो, तोवर कोणी एक स्क्रूसुद्धा काढू नका.

वहिनी, ब विंग
मंगळवार, ८:२०

हलवायच्या आधी स्टेपनी आणि खळग्यातलं पाणी रिकामं करा, नाहीतर सगळं प्लॉटात जाईल, तिथे पण घरं आहेत. प्लॉटात ठेवल्यावर टपावर ताडपत्री ताणून बांधायची, लोंबती नको, लोंबली की त्यात परत पाणी. ताडपत्री माझ्याकडे आहे.

नाना
मंगळवार, रात्री ९:४०

बांकडून आलो. पडदे गेले, बुरशीने काळे झालेत. मखराची फ्रेम चांगली आहे, घासून रेड ऑक्साइड मारला की यंदा वापरता येईल, ते मी करतो. स्टीअरिंगचं पिंटूला द्या म्हणाल्या. मुलाशी पण फोनवर बोलणं करून दिलं, तो सही पाठवतोय.

बंडू, रविवारी सकाळी साडेसातला मी टेप घेऊन कोपऱ्यावर येतो, गाडी निघाली की लगेच परत माप घेऊ. दुसरं टोक तू धर. फळ्या माझ्या माळ्यावर आहेत, शनिवारी उतरवायला दोन मुलं पाठव. आणि बांची खुर्ची ओटल्यावरून हलवू नका कोणी, त्या बघणार आहेत म्हणाल्या.