'शोभत नाही' की 'साजरं दिसत नाही'?

दारव्ह्याची लेक: मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे. मागच्या आठवड्यात हळदी रंगाची कुर्ती घालून ऑफिसात गेली होती, तर डबा खाताना सोबतची बाई तोंडावर म्हणाली, 'दास श्टेट डिअर निश्त'. शब्दाला शब्द लावला तर 'हे तुला उभं राहत नाही', अर्थ एवढाच की हे तुझ्यावर खुलत नाही. तिच्या मनात काही नव्हतं, लगेच म्हणे सोमवारची निळी छान होती. रात्री फोनवर मी आईला सांगितलं, सोबतची बाई म्हणाली 'हे तुला शोभत नाही'. आई वाती वळत होती, तो कापूस तसाच ठेवून उठलीच, 'काहून वं, गळा मोठा होता का? बाह्या नव्हत्या का?' मग मी अर्धा तास गळ्याचं माप सांगत बसली. याला नेमका शब्द कोणता, की बोलणं रंगाचंच वाटावं, वागणुकीचं नाही?

शब्दवेडा: 'खुलत नाही' म्हणा. तसं 'शोभणे' हा संस्कृत शुभ् धातूवरून आलेला, चमकणे हा त्याचा अर्थ. त्यात नीतीचा काही संबंध नाही, लोक उगाच तसं वापरतात.

मोर्शीकर: लोक वापरतात तोच अर्थ, भाऊ. माझी मोठी बहीण पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून सायकलवर शाळेत निघाली तेव्हा पारावरून एकानं 'शोभते का तुले हे?' विचारलं, त्यानं काही रंग नव्हता पाह्यला. ती तशीच घरी परत आली होती. आमच्याकडं सरळ शब्द आहे, साजरं. 'साजरी नाही दिसत ही कुर्ती.'

शब्दवेडा: साजरा होतो तो सण.

मोर्शीकर: मग 'दुरून डोंगर साजरे' मधे कोणता सण आहे? देखणं हाच अर्थ आहे तिथं, आमच्याकडं तो रोजच्या बोलण्यात टिकला.

तुमसरवाला: आमच्या भंडाऱ्याकडं 'फबत नाही' म्हणतात.

शब्दवेडा: ती हिंदी झाली.

तुमसरवाला: असू द्या ना. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आमच्या घरात हिंदी काय काल आली का? आजीनं कोऱ्या लुगड्याची घडी मोडली की आजोबा म्हणत, 'फबते तुले'. मला तो मराठीच वाटतो.

वणीची मास्तरीण: मला त्या बाईसाठी शब्द पाहिजे. फटकळ नको, त्यात राग येतो, आणि स्पष्टवक्ती म्हटलं की भाषण करणारी वाटते. मी लेकीकडं हॅम्बर्गला गेली होती, नातवाच्या डोक्यावर टोपी नव्हती तर रस्त्यात एका अनोळखी आजीनं मला थांबवून सांगितलं, मला दिवसभर वाईट वाटलं. आणि गावात एसटीतून उतरली तर पहिलं वाक्य, 'लय वाळली वं मास्तरीणबाई', त्याचं काहीच वाटलं नाही. असं का होतं ते अजून कळलं नाही मला.

शब्दवेडा: 'साजरा' मधला साज फारसी आहे, तेव्हा तोही शुद्ध नाहीच.

मोर्शीकर: संस्कृत 'सज्ज' वरून आला तो. आणि फारसी असला तरी वऱ्हाड किती वर्षं निजामाकडं होतं, शब्द येतीलच, ते काय आता परत पाठवायचे का?

दारव्ह्याची लेक: काल आईला 'साजरी नाही दिसत' म्हणून पाह्यलं. आई म्हणे, 'उसवली होती का मंग?' आमच्या घरी साजरं म्हणजे नुसतं चांगलं, ज्वारीही साजरी आणि पाऊसही साजरा. 'फबते' तर तिला कळलंच नाही. अजून कोणाकडं काही शब्द असेल तर सांगा, रविवारी पुन्हा फोन आहे.

तुमसरवाला: मास्तरीणबाई, ते 'वाळली' तुमच्याकडं माणसालाही म्हणतात का? आमच्याकडं माणूस सुकते, वाळतात ते कपडे.