मदत हवी आहे: ७१च्या युद्धातल्या पीटी-७६ रणगाड्याचं मॉडेल

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमच्या मामांची पंच्याहत्तरी आहे आणि घरात नेहमीसारखी शाल, चांदीचा गणपती, भिंतीवरचं घड्याळ अशी चर्चा चालू आहे, आणि यातलं काहीएक मामांना नकोय हे सगळ्यांना माहितीये. मामा ईएमईत (सैन्याची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) होते, ७१ला पूर्व आघाडीवर बोयऱ्याच्या बाजूला पीटी-७६च्या एका स्क्वाड्रनला अटॅच, म्हणजे गाडी बंद पडली की हे पाने-हातोडे घेऊन पळणार. तर मी आणि मामेबहिणीने ठरवलंय की त्यांना पीटी-७६चं चांगलं मॉडेल द्यायचं, काचेच्या पेटीत वगैरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा रशियन बनावटीचा हलका रणगाडा, साधारण १४ टन, आत तिघंच, ७६ मिमीची तोफ. पूल बांधायची वाट बघायची नाही, पुढची लाटफळी (पाण्याची लाट अडवणारी फळी) उचलायची आणि सरळ नदीत उतरायचं, मागच्या दोन वॉटर जेटवर पाण्यात ताशी १० किमी जातो. मात्र तरंगायचा म्हणून पत्रा पातळ. तरी २१ नोव्हेंबर ७१ला गरीबपूरला दाट धुक्यात आपल्या ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या १४ पीटी-७६नी पाकिस्तानच्या अमेरिकन बनावटीच्या शॅफी रणगाड्यांची वाट लावली. स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजितसिंग नारग त्यात गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मामा नारगसाहेबांचं नाव घेताना अजून ताठ बसतात.

आता अडचणी. इथल्या एका दुकानात विचारलं तर त्याने डकचं मॉडेल पुढे केलं, म्हणे हाच तुमचा पाण्यातला रणगाडा. अरे तो जीएमसीचा सहाचाकी ट्रक आहे, दुसऱ्या महायुद्धातला! ऑनलाइन बघितलं तर ट्रम्पेटरची किट दिसतात पण तीन वेगवेगळी, १९५१ मॉडेल, साधं पीटी-७६ आणि पीटी-७६बी, बॉक्सवरच्या चित्रावरून मला शष्प कळत नाही. मामांना एक स्क्रू जरी चुकीचा दिसला तरी केक कापायच्या आधी सांगतील. तर कुठलं घ्यायचं, स्केल १/३५ की १/७२, रंग आणि खुणा आपल्या सैन्याच्या कशा करायच्या? मी शाळेत असताना एक विमान जोडलंय, तेवढाच अनुभव.

—

डायकास्टवेडा:
डकवाल्या दुकानदाराला माफ करा, तरंगणाऱ्या गाड्यांत मॉडेलवाल्यांचं लाडकं तेच आहे. इटालेरीचं १/३५, एअरफिक्सचं १/७६, शिवाय सत्तरच्या दशकातलं डिंकीचं डायकास्ट (धातूचं तयार मॉडेल). माझ्याकडे डिंकीचं आहे, रंग उडालाय पण विकणार नाही. जर्मन श्विमवागन आणि फोर्डची तरंगती जीप तामियाने मस्त काढलीये, ती पटकन मिळतात. पीटी-७६ त्या मानाने कमी, आणि तयार जोडलेली जी मिळतात ती बहुतेक रशियन खुणांची, म्हणजे रंग काढा, परत द्या, नको ते. किटच घ्या.

स्केल १/३५. गाडीची लांबी ६.९१ मी आहे म्हणजे मॉडेल तोफ सोडून २० सेंमीच्या जरा आत, शोकेसमध्ये उठून दिसेल. १/७२ जेमतेम साडेनऊ सेंमी होतं, पंच्याहत्तरीच्या माणसाला चष्मा लावून बघायला लावू नका.

—

मिरजकर:
तीन किटमध्ये गोंधळ होतो खरा, पण तोफेच्या नळीचं टोक बघा, काम सोपं होतं. सुरुवातीच्या मॉडेलला टोकाशी लांबट मझल ब्रेक (तोफेचा धक्का कमी करणारा भाग) असतो, त्यावर बारीक बारीक खाचांच्या रांगा. नंतरच्याला आखूड दोन कप्प्यांचा ब्रेक आणि त्याच्या मागे नळीवर जाडसर फुगवटा, तो धूर बाहेर काढायला. बी मॉडेलला तोफेला स्टॅबिलायझर आला, पण तो आतला मामला. मामांकडे तेव्हाचा एखादा फोटो असेलच ना? इथे कुणी छातीठोक सांगण्यापेक्षा त्यावरून ठरवा.

—

धागाकर्ता:
मिरजकर, आहे एक फोटो! गाडीवर सातआठ जण बसलेत आणि एकाचा पाय बरोबर नळीवर, पण टोक दिसतंय, आखूड ब्रेक आणि मागे फुगवटा स्पष्ट आहे. म्हणजे १९५१वालं बाद. मामांना फोनवर आडून विचारायला गेलो की तोफ कशी होती हो, तर अर्धा तास मेघना नदीच्या कहाण्या ऐकल्या, पीटी-७६ पाण्यात इंजिन तापून कसे अडायचे आणि मग गावकऱ्यांच्या होड्या लावून ओढून न्यायचे. तोफेचं राहूनच गेलं. रंगाचं सांगा आता.

—

नदीकाठ:
रंगाला फार डोकं लावू नका. तामियाचा ऑलिव्ह ड्रॅब एक्सएफ-६२ घ्या, त्यात थोडा डार्क ग्रीन एक्सएफ-६१ टाका, आपल्या गाड्या जरा हिरवट वाटतात. खालच्या अर्ध्या भागाला चिखल, भाताच्या खाचरातनं गेलेला रणगाडा चकचकीत शोभत नाही, आणि शिकाऊ माणसाचे सांधे चिखलात बरे लपतात (अनुभव!). लाटफळी वर उचललेली चिकटवा, गाडी नदीत उतरायच्या तयारीत वाटेल आणि मामांना ते लगेच कळेल.

खुणा किटबरोबरच्या वापरू नका. फोटोत बीए नंबर (सैन्याच्या गाडीचा नोंदणी क्रमांक) वाचता येतोय का बघा, बाण आणि पुढे आकडे. तोच नंबर टाका. घरच्या इंकजेटवर पांढरा रंग छापता येत नाही हे मात्र लक्षात ठेवा, पारदर्शक डेकल पेपरवर (खुणा छापून मॉडेलवर चिकटवायचा कागद) पांढरे आकडे काढायला जाल तर काहीच उमटणार नाही. स्टेन्सिल कापा नाहीतर पांढरे सुटे आकडे मिळतात ते एकेक लावा, वेळखाऊ आहे पण होतं.

आणि रंग, थिनर, ग्लू आपल्याच शहरात घ्या, ज्वालाग्राही म्हणून विमानाने पाठवत नाहीत, पार्सल अडकतं. किट मात्र आजच मागवा, बाहेरून येणार असेल तर कस्टमला किती दिवस जातील कुणी सांगू शकत नाही.

—

धागाकर्ता:
किट मागवलं! बहिणीने भिंग लावून बघितलं, नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे की ८ यावर घरात दोन तट आहेत. कुणाला जुने फोटो स्कॅन करून साफ करता येत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज, मामांना विचारलं तर सगळं फुटेल.

—

मिरजकर:
पाठवा स्कॅन, ६०० डीपीआयला. मोबाइलने काढलेला फोटो नको.