पत्रकावरचा ‘गुड’ आणि सामाईक थैलीतला हिरा

दिवटी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रे घेऊन खेळायच्या खेळात पात्राच्या पत्रकावर त्याचे अलाइनमेंट, म्हणजे नैतिक कल, लिहिलेले असते. तिरपाफासा यांनी ‘न्यूट्रल (ना चांगले ना वाईट) हेच एकमेव प्रामाणिक अलाइनमेंट’ असे लिहिले, त्याला दोन दिवस झाले. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते, पण राहवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगल्या कृत्याला पात्राची पातळी वाढवणारे अनुभवगुण मिळतात, गावकरी जयजयकार करतात, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) खूश होतो आणि दिलेले सोने मुळात कागदावरचेच असते, तेव्हा पत्रकावर ‘लॉफुल गुड’ (नियम पाळणारा आणि चांगला) लिहिणारा प्रत्येक जण स्वतःचीच पाठ थोपटून घेत असतो.

सोने कागदावरचे असते, हे मान्य. पण त्या टेबलावर आपले जे काही असते ते सगळे कागदावरचेच असते, आणि तरीही दोन वर्षे वाढवलेले पात्र मेले की माणसे आठवडाभर हळहळतात. ती हळहळ खरी मानायची आणि त्याच कागदावरचा त्याग मात्र खोटा ठरवायचा, हे मला पटत नाही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रिव्हिव्हिफाय या मंत्राला ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात, ते मंत्रासरशी नष्ट होतात आणि मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत मंत्र टाकावा लागतो. आमच्याकडे त्या किमतीचा एकच हिरा होता. तळघराच्या दुसऱ्याच दालनात आमचे घोडे सांभाळणारा मोतद्दार पोरगा बाण लागून मेला. डीएमने त्याला नावसुद्धा दिलेले नव्हते. आमची क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारे पात्र) खेळणारी मैत्रीण पत्रकावरच्या ‘हिरा १’ या नोंदीकडे थोडा वेळ बघत राहिली, मग तिने खोडरबर घेऊन ती नोंद पुसली आणि म्हणाली, “मी त्याच्या छातीवर हात ठेवते.” या कृत्याचे अनुभवगुण तिला मिळाले नाहीत, आणि कोणी जयजयकारही केला नाही. चार बैठकांनंतर आमचा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, पडला, तेव्हा हिरा नव्हता. हा निःस्वार्थीपणा नसेल तर दुसरे काय आहे, हे तिरपाफासा यांनी सांगावे.

तिरपाफासा

मी व्यक्तींविषयी बोललो नव्हतो, नियमांविषयी बोललो होतो. १९७४ च्या मूळ खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस (सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक) एवढ्या तीनच बाजू होत्या, आणि त्या बाजूच होत्या: युद्धात कोण कोणाकडून लढणार एवढाच त्यांचा मुख्य उपयोग. चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष नंतर आला आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात दोन्ही अक्ष मिळून होणारी, आज सगळ्यांना पाठ असलेली नऊ घरे छापली गेली. त्याच काळात एक सुवर्णनाणे सुखरूप बाहेर आणले की एक अनुभवगुण मिळत असे. जो खेळ थडगी उकरून आणलेल्या सोन्यावर पात्राची पातळी वाढवतो, त्याने त्याच पत्रकावर परोपकाराची चौकट आखावी, यातला विरोध मला पहिल्यापासून खुपतो.

संगणकावरच्या खेळांत तर हे उघडे पडते. अल्टिमा ४ या १९८५ च्या खेळात आठ सद्गुण होते. वैद्याकडे रक्त दिले की त्याग वाढे, भिकाऱ्याला दान दिले की करुणा वाढे. लहानपणी मी एकाच भिकाऱ्यासमोर उभा राहून त्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा देत असे. त्या वेळी माझ्या मनात करुणा नव्हती, मोजमाप होते. नियमात बसवलेल्या चांगुलपणाचे शेवटी हेच होते.

जुनीपोथी

याच अल्टिमात जडीबुटी विकणारी बाई आंधळी असते आणि किती नाणी दिली हे खेळाडूनेच सांगायचे असते. तिला फसवले तर त्या क्षणी काहीच होत नाही. प्रामाणिकपणा आतल्या आत घटतो. मला ते मोजमाप माहीत नव्हते. दोन नाणी कमी देऊन निघालो आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन तिच्याकडे पूर्ण किंमत देऊन खरेदी केली. तिरपाफासा यांचा भिकारी आणि माझी आंधळी बाई एकाच खेळातली आहेत; तेव्हा फरक नियमात नसावा.

आणि १९७८ च्या पॅलाडिनबद्दल, म्हणजे सद्वर्तनाला बांधलेल्या योद्ध्याबद्दल, कोणीच का बोलत नाही? मंतरलेल्या वस्तू फक्त दहा: एक चिलखत, एक ढाल, चार शस्त्रे, इतर चार. मिळकतीचा दहावा हिस्सा दान, आणि बेताच्या निर्वाहापलीकडचे धनही द्यायचे. हा त्याग नियमानेच मागितला होता. माझी खरी तक्रार डीएम लोकांबद्दल आहे. पॅलाडिन दिसला रे दिसला की त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी पाप ठरेल असा पेच मांडायचा, ओर्कांची (खेळातल्या राक्षसी शत्रूंची) तान्ही मुले समोर आणून ठेवायची आणि काहीही केले तरी त्याची शक्ती काढून घ्यायची. माझे तीन पॅलाडिन असे गेले. त्यानंतर मी चांगले पात्र घेणेच सोडून दिले.

कातळ

वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारतो: तो हिरा कुणाचा होता?

३०० नाणी पहिल्या काही पातळ्यांवर एकट्याच्या पदरी नसतात. म्हणजे तो हिरा सामाईक थैलीतून घेतलेला असणार, आणि चौघा-पाचांच्या जिवासाठी राखलेला असणार. दुसऱ्याच्या जिवाची राखण स्वतःच्या सद्गुणासाठी खर्च करणे याला मी निःस्वार्थीपणा म्हणणार नाही. आमच्या टेबलावरही असाच एक दानशूर होता. त्याने आमचे घोडे निर्वासितांना देऊन टाकले आणि पुढचे तीन दिवस आम्ही सगळे पायी चाललो. त्याच्या पत्रकावर ‘गुड’ होते, चालणारे आम्ही होतो.

दिवटी

एका मिनिटाची मुदत होती, म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्या, आणि लढाई चालू होती. सभा भरवायला वेळ नव्हता.

कातळ

पात्रांना वेळ नव्हता. खेळाडू टेबलाभोवती बसले होते आणि “टाकू का?” हे विचारायला दोन सेकंद लागतात. तुमच्या मैत्रिणीने ते विचारले नाही, आणि ज्याचा फायटर मेला त्याला काय वाटले याविषयी तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही. त्याच्या जागी बसून बघा. मी बसलो आहे.

जुनीपोथी

कातळ, तुम्ही त्या मुलीवर स्वार्थाचा आरोप करत आहात, हे लक्षात घ्या. ज्याला नावही नाही अशा पोराला वाचवण्यात तिचा कोणता स्वार्थ होता? प्रत्येक चांगल्या कृत्याआधी ठराव मंजूर करून घ्यायचा असेल तर तो पतसंस्थेचा कारभार झाला, खेळ राहिला नाही.

कातळ

आरोप स्वार्थाचा नाही, न विचारण्याचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही त्या एकत्र करू नका. थोर हेतूने केलेली मनमानी मी टेबलावर वर्षानुवर्षे सोसली आहे. “माझे पात्र असेच वागले असते” असे म्हणून चोरी करणारा आणि तेच म्हणून दान करणारा, दोघेही इतरांना विचारत नाहीत.

दिवटी

तो फायटर माझा होता.

हे मी आधी लिहिले नाही, कारण माझ्या बाजूने सहानुभूती मागितल्यासारखे झाले असते. हिरा सामाईक थैलीतलाच होता, त्यात माझी साठ नाणी होती, आणि तिने विचारले नाही हेही खरे. फायटर मेला त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. पुढच्या बैठकीला तिने आपल्या वाट्याची पुढची सगळी लूट नव्या हिऱ्यासाठी थैलीत टाकली, पाच बैठका. कातळ यांचे एवढे मी मान्य करते की तिने विचारायला हवे होते. पण तिने विचारले असते तर मी “नको” म्हटले असते, आणि तो पोरगा मेला असता. याचा विचार केला की तिने विचारले नाही हेच मला बरे वाटते.

कातळ

पाच बैठका स्वतःच्या वाट्यातून भरपाई केली असेल, तर तिच्याबद्दलचे माझे शब्द मी मागे घेतो. तत्त्वाबद्दलचे घेत नाही.

तिरपाफासा

ही पाच बैठकांची भरपाई कोणत्याही अलाइनमेंटच्या चौकटीत लिहिलेली नव्हती, आणि माझा मुद्दा तोच होता. चौथ्या आवृत्तीने २००८ मध्ये नऊची पाच घरे केली आणि पाचवीने २०१४ मध्ये पुन्हा नऊ केली, तरी कोणाचे वागणे बदललेले मी पाहिले नाही. मात्र ‘प्रत्येक जण स्वतःची पाठ थोपटतो’ हे वाक्य मी घाईत लिहिले होते. ‘प्रत्येक जण’ काढून ‘पुष्कळ जण’ असे वाचावे.

त्या मोतद्दाराचे पुढे काय झाले?

दिवटी

तळघराच्या तोंडाशी आम्ही त्याला परत पाठवले. डीएमने त्याला पुन्हा कधी आणले नाही.